वातावरण-महासागर प्रारूपांची जोडणी आणि त्रुटिनियंत्रण : एक ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

हवामानबदलाविषयीची भाकिते मुख्यतः वातावरण व महासागर यांच्या संगणकीय प्रारूपांच्या जोडणीवर आधारलेली असतात. ही प्रारूपे स्वतंत्रपणे समाधानकारक असली, तरी जोडल्यावर त्यांचे हवामान वास्तवापासून हळूहळू दूर सरकते, असे आढळले. या त्रुटीवरील उपायांचा आढावा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

जोडणीचा प्रारंभ

१९६९ मध्ये प्रिन्स्टन येथील स्युकुरो मानाबे व कर्क ब्रायन यांनी वातावरण-महासागराचे संयुक्त प्रारूप प्रसिद्ध केले. वातावरण झपाट्याने बदलते, तर खोल समुद्राला शतके लागतात. म्हणून वातावरणाच्या एका वर्षाशी महासागराची सुमारे १०० वर्षे जोडण्यात आली. तत्कालीन संगणकांच्या मर्यादेत ही तडजोड अपरिहार्य होती.

दुरुस्तीची पद्धत

१९८८ मध्ये हॅम्बुर्ग येथे साउझेन, बार्थेल व हासेलमान यांनी, तसेच अमेरिकेत मानाबे व स्टाऊफर यांनी, उष्णता व गोड्या पाण्याच्या देवाणघेवाणीत पूर्वनिश्चित कृत्रिम भर घालण्याची पद्धत मांडली. त्यामुळे प्रारूप स्थिर राहिले व दीर्घकालीन प्रयोग शक्य झाले. मात्र काही प्रदेशांत ही भर मूळ देवाणघेवाणीइतकीच मोठी असे. सरासरी बरोबर दिसूनही तिच्यामागील कारणपरंपरा चुकीची असू शकते, हा धोका नीलिन व डाइक्स्ट्रा यांनी १९९५ मध्ये दाखवून दिला.

मुळाशी उपाय

वस्तुतः येथे दोन भिन्न त्रुटी एकत्र आल्या होत्या. पहिली सांध्यावरची. दोन प्रारूपांच्या जाळ्या भिन्न असल्याने आकडे एकीवरून दुसरीवर नेताना उष्णतेचा काही अंश गळतो वा वाढतो. दुसरी प्रारूपांच्या अंतरंगातील, जी जोडणीनंतर उघड होते. कृत्रिम भर या दोहोंत भेद करीत नव्हती. १९९९ मध्ये लॉस अलामॉस येथील फिलिप जोन्स यांनी एकूण राशी अबाधित राखणारी रूपांतरपद्धती प्रसिद्ध केली. अंतरंगातील त्रुटींसाठी ब्रिटनच्या हॅडली केंद्राने महासागराची जाळी १.२५ अंशांपर्यंत सूक्ष्म केली व प्रक्रियांची मांडणी सुधारली. २००० मध्ये प्रसिद्ध झालेले हे प्रारूप कृत्रिम भरीविना स्थिर राहिले.

निष्कर्ष

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेच्या पृथ्वी-प्रणाली प्रारूपातही प्रथम ऊर्जेचा ताळेबंद जुळत नव्हता. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या आवृत्तीत तो बराच सुधारला. सारांश, त्रुटी झाकल्याने उत्तर स्थिर होते, परंतु विश्वासार्ह होत नाही. मान्सूनच्या भाकितांवर ज्यांचे जीवन अवलंबून आहे, त्यांच्या दृष्टीने हा भेद केवळ गणिती नाही.