नाव दिसेनासे झाले म्हणजे पेढी बुडाली काय?

सुरतेचा जैन सावकार वीरजी व्होरा याचे नाव इंग्रज वखारीच्या कागदपत्रांत सन 1619 पासून आढळते. मिरीचा हा मोठा व्यापारी प्रसंगी वखारवाल्यांनाच कर्ज देई. जानेवारी 1664 मध्ये शिवछत्रपतींनी सुरत लुटली. त्या प्रसंगाविषयी एस्कॅलियट नामक इंग्रज पाद्र्याने लिहिलेल्या पत्रात मात्र ‘बहिर्जी बोरा’ असे नाव येते; त्याची मालमत्ता 80 लाख रुपयांची मानली जाई, असेही तो सांगतो. नावे दोन, पण माणूस एकच. केवळ अक्षरांवर विसंबून पेढ्यांची मोजदाद करणारास येथे एका पेढीच्या दोन दिसतील!

लुटीत वीरजीचा वाडा खणला व जाळला गेला. तेव्हाच पेढी बुडाली, असे कोणासही वाटेल. परंतु सन 1666 मध्ये सुरतेस आलेला फ्रेंच प्रवासी थेवनो त्यास आपला मित्र म्हणवतो आणि त्याची गणना अतिश्रीमंतांत करतो. वाडा जळाला, पत जळाली नाही.

ऑक्टोबर 1670 च्या दुसऱ्या लुटीनंतर मात्र हे नाव वखारीच्या कागदांतून नाहीसे होते. बी. जी. गोखले यांच्या मते त्या सुमारास वीरजी निवर्तला असावा. मकरंद मेहता यांच्या मते तो निवृत्त झाला असावा व नातू नानचंद याने कारभार हाती घेतला असावा. मेहतांचे अनुमान खरे मानले, तर पेढी संपली नाही, केवळ नाव पालटले.

वखारीचे कारकून आपल्या धन्याच्या सोयीसाठी लिहीत. ज्याच्याशी देणेघेणे, त्याचीच नोंद. देणेघेणे थांबले की नाव गेले. म्हणून अशा कागदांतील मौन हा दिवाळखोरीचा पुरावा नव्हे. पेढीची खरी साक्ष दिवाळीस पूजिल्या जाणाऱ्या तिच्या स्वतःच्या चोपड्यांत असते.

सन 2017 पासून वस्तू व सेवा कराच्या 15 अक्षरांच्या क्रमांकाने व्यापाऱ्याची ओळख पटते. मागील पिढ्यांस असा क्रमांक नव्हता. त्यांचा माग देवस्थानांच्या जुन्या वह्यांतून लागू शकतो: कोणत्या घराण्याने नंदादीपास तेल दिले, पुढे कोणाच्या नावे ती सेवा चालली, केव्हा खंडली. या वह्या रद्दीत घालण्यापूर्वी विश्वस्तांनी एकवार विचार करावा. त्या गेल्या, तर आपल्या पूर्वजांचा व्यवहारही परक्यांच्या कागदांवरूनच वाचावा लागेल.