आकडी, गोळ्या आणि आईपण : प्रस्तावना

ग्वाल्हेरच्या महाराज बाड्यावर उभे राहून चहूकडे पाहिले, तर दर इमारतीची धाटणी निराळी दिसते. त्यांतली एक विक्टोरिया मार्केट. आत आता भूविज्ञानाचे संग्रहालय आहे, पण लोकांच्या तोंडी नाव जुनेच आहे. ज्या राणीच्या नावाने ही इमारत ओळखली जाते, तिची बाळंतपणे करणाऱ्या डॉक्टराचे नाव आपल्या विषयाच्या पहिल्याच पानावर येते. चार्ल्स लोकॉक हा प्रसूतिवैद्य. १८५७ च्या मे महिन्यात, म्हणजे मीरतेत ठिणगी पडली त्याच महिन्यात, लंडनच्या वैद्यकमंडळींच्या सभेत अपस्मारावर एक निबंध वाचला गेला. त्यावर बोलताना लोकॉकने सांगितले, की पाळीच्या सुमारास झटके येणाऱ्या काही स्त्रियांना आपण पोटॅशियम ब्रोमाइड दिले आणि एखादा अपवाद सोडता सगळ्यांचे झटके थांबले.

त्याची उपपत्ती आज हसू येईल अशी होती. ब्रोमाइडने कामवासना मंदावते असे त्याने वाचले होते आणि बायकांच्या झटक्यांचे मूळ तिथेच आहे असे त्या काळी समजत. विचार चुकीचा, औषध खरे. १९१२ मध्ये फेनोबार्बिटोन येईपर्यंत आकडीवर जगभर मुख्य भरवसा ब्रोमाइडवरच होता. अपस्मारावरचे पहिले गुणकारी औषध एका सुईणकीतल्या तज्ज्ञाने सुचवले आणि पुढची शंभर वर्षे त्या औषधांचे गर्भाशी काय नाते आहे हे कोणी फारसे विचारलेच नाही. १९३८ मध्ये फेनिटॉइन आले, आपल्याकडच्या घराघरांत ‘एप्टोइन’ म्हणून ओळखले जाते ते. वार म्हणजे जणू तटबंदी, आईने घेतलेले औषध बाळापर्यंत पोचत नाही, असा समज तेव्हा होता. १९६१ मध्ये थॅलिडोमाइडच्या प्रकरणाने तो कायमचा मोडला. १९६८ मध्ये मेडो या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञाने ‘लॅन्सेट’मध्ये एक छोटे पत्र लिहिले: फिटच्या गोळ्या घेणाऱ्या आयांच्या मुलांत दुभंगलेले ओठ आणि टाळू अधिक दिसतात का? हे शास्त्र त्या प्रश्नापासून धरावे, असे मला वाटते.

प्रश्न विचारणे सोपे होते, उत्तर मिळवायचे कसे? नव्या औषधाची परीक्षा करताना निम्म्या रुग्णांना औषध आणि निम्म्यांना साखरेची गोळी देतात. पोटुशी बाईच्या बाबतीत असे करायला कोणाचे मन धजावेल, आणि धजावू नयेच. म्हणून इथे नोंदवही हेच साधन ठरले. गोळ्या घेणाऱ्या स्त्रीला दिवस राहिले की, मूल कसे निपजेल हे कळण्याच्या आत, तिचे नाव, औषध आणि मात्रा लिहून ठेवायची, मग बाळंतपणानंतर बाळ तपासायचे. अशी हजारो पाने जमली की कुठे एखादे वाक्य ठामपणे लिहिता येते. ब्रिटन आणि अमेरिकेत १९९६-९७ च्या सुमारास अशा वह्या सुरू झाल्या, १९९९ मध्ये युरोपातली ‘युराप’ नावाची मोठी वही. आपल्या देशातली महत्त्वाची वही तिरुवनंतपुरमची. तिथल्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. संजीव थॉमस यांनी १९९८ मध्ये ती उघडली. परदेशी आकड्यांवर ‘आपल्या बायका वेगळ्या’ असे म्हणून हात झटकणाऱ्यांना ही केरळची वही दाखवावी. औषधशास्त्राच्या बाकी शाखा प्रयोगशाळेचे ऋण सांगतात. ही शाखा मात्र त्या अनाम आयांचे ऋण सांगते, ज्यांनी स्वतःच्या काळजीच्या नऊ महिन्यांत दुसऱ्यांसाठी माहिती देऊन ठेवली.

आता आकडे. ‘युराप’ने २०१८ मध्ये ७,३५५ गरोदरपणांचा हिशेब छापला. एकच औषध घेणाऱ्या आयांपैकी व्हॅल्प्रोएट घेणाऱ्यांच्या १०.३ टक्के बाळांत मोठे जन्मजात व्यंग आढळले. फेनोबार्बिटोनला ६.५, फेनिटॉइनला ६.४, कार्बामाझेपिनला ५.५. लॅमोट्रिजिन २.९ आणि लेव्हेटिरासेटॅम २.८. कोणतेच औषध न घेणाऱ्या आयांच्या बाळांतही हे प्रमाण दोन-तीन टक्के असते, म्हणजे शेवटची दोन औषधे जवळपास त्याच पातळीवर येतात. व्हॅल्प्रोएटची मात्रा दिवसाला ६५० मिलिग्रॅमपर्यंत असेल तर ६.३ टक्के, १४५० च्या वर गेली तर २५.२. कोणते औषध हा प्रश्न जितका मोठा, तितकाच किती हाही.

या आकड्यांपुढे विद्यार्थी दचकतात आणि घरचे लोक तर हादरतातच. त्यांना मी तीच ओळ उलटी वाचायला सांगतो: सर्वांत वाईट ठरलेल्या औषधावरही शंभरातली जवळपास नव्वद बाळे अशा व्यंगाविना जन्मली. पण उलटी ओळ वाचून झाली की सुलटीही वाचायची, कारण व्हॅल्प्रोएटची गोष्ट जन्माच्या दिवशी संपत नाही. १९८२ मध्ये फ्रान्समधल्या ल्यों शहरातून या औषधाचा आणि बाळाच्या दुभंगलेल्या मणक्याचा संबंध पुढे आला होता. बुद्धीवरचा परिणाम कळायला आणखी तीन दशके गेली. २०१३ मध्ये छापलेल्या ‘नीड’ अभ्यासात सहा वर्षांच्या मुलांची चाचणी घेतली. व्हॅल्प्रोएट घेतलेल्या आयांच्या मुलांचा बुद्ध्यंक सरासरी ९७, बाकी तीन औषधांच्या गटांत १०५ ते १०८. मूल धडधाकट दिसते, बारशाला सगळे हुश्श करतात आणि फरक कळतो तो शाळेत.

तरी व्हॅल्प्रोएटला खलनायक ठरवायला मी तयार नाही. काही जातींच्या अपस्मारात त्याच्या तोडीचे दुसरे औषध नाही, ते स्वस्त आहे आणि सरकारी दवाखान्यात मिळते. माझी तक्रार वेगळी आहे. चौदा वर्षांच्या मुलीला ते लिहून दिले जाते, झटके थांबतात, सगळे खूश होतात आणि तीच चिठ्ठी दहा वर्षे चालू राहते. मुलगी मोठी झाली हे चिठ्ठीला कळत नाही. युरोपने २०१८ मध्ये नियम केला, की मूल होऊ शकणाऱ्या वयात गर्भप्रतिबंधाची खात्रीची व्यवस्था असल्याविना हे औषध द्यायचे नाही. नियम असो वा नसो, गोळी लिहिणाऱ्याने पुढचे बोलणे त्याच दिवशी आईसमोर आणि मुलीसमोर केले पाहिजे.

याची निकड गर्भाच्या घड्याळात आहे. मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर अठ्ठाविसाव्या दिवसाच्या सुमारास मिटते. तेव्हा पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. कित्येकींच्या ध्यानातही आलेले नसते. फॉलिक ॲसिड सुरू करायचे तर त्याआधी, औषध बदलायचे तर त्याच्याही आधी, कारण नव्या गोळीवर झटके आवरतात की नाही हे पाहायला महिने लागतात. गर्भधारणेपूर्वी नऊ महिने झटक्याविना गेले असतील तर बहुतेक स्त्रियांचे गरोदरपणही तसेच जाते. केरळच्या वहीतही हेच दिसते: दिवस राहण्याआधीच्या महिन्यात झटका आला असेल, तर पुढे येण्याची शक्यता कैक पटींनी जास्त. थोडक्यात, या शास्त्राचा खरा मोसम रुग्ण दवाखान्यात येण्याच्या आधीच निघून जातो.

मोसम का हुकतो? बाड्याला लागूनच सराफा आहे. लगनसराईत तिथे पाऊल ठेवायला जागा नसते. मंगळसूत्र, पाटल्या, नजरबाग बाजारातल्या साड्या यांची यादी दोन्ही घरे मिळून करतात. पाकिटात लपवलेल्या गोळ्या यादीत नसतात. सासरी कळू नये म्हणून गोळी चुकते, लग्नाच्या जागरणांनी झोप मोडते आणि पहिला झटका नेमका सासरी येतो. लोकांच्या भीतीला कायद्यानेही बळ दिले होते. १९७६ च्या दुरुस्तीने वारंवार येणारा अपस्मार हिंदू विवाह कायद्यात वेडाच्या शेजारी, लग्नाला आडकाठी म्हणून बसवला. तो शब्द काढायला १९९९ उजाडावे लागले. म्हणजे आज पन्नाशीत असलेल्या कित्येक बायकांची लग्ने त्या कलमाच्या सावलीत ठरली. ‘आईचे मुलात उतरेल’ ही भीती अजून तशीच आहे, आणि ती बरीचशी अनाठायी आहे: बहुतेक मुलांना अपस्मार होत नाही. आपल्या देशात मेंदूत बसलेल्या पट्टकृमीच्या अळीमुळे झटके येणारे पुष्कळ आहेत. ती अळी अन्नपाण्यातून येते, वंशात उतरत नाही.

मूल होण्यातही अडचण येते, याची चर्चा कमी होते. केरळच्या वहीतल्या ३७५ स्त्रियांपैकी ३८.४ टक्के स्त्रियांना अपेक्षित काळात दिवस राहिले नाहीत आणि औषधांची संख्या वाढली तसे हे प्रमाण वाढले. लोकांची टोमणेबाजी या बाईच्या वाट्याला दोन्ही बाजूंनी येते.

गर्भ राहिला की घरातले वडीलधारे पहिला सल्ला देतात: ‘आता गोळ्या बंद कर, बाळाला बाधतील.’ माया खरी, सल्ला घातक. मोठ्या झटक्यात आई कोसळते, पोटावर मार बसू शकतो, तिचा आणि बाळाचा प्राणवायू काही काळ कमी होतो. झटक्यांमागून झटके येत राहिले तर दोघांच्या जिवावर बेतते, आणि झोपेतच अचानक मृत्यू आल्याच्या नोंदी ब्रिटनच्या मातामृत्यू अहवालांत पुन्हा पुन्हा येतात. शिवाय दिवस राहिल्याचे कळते तोवर मणक्याची ती वेळ बहुधा टळून गेलेली असते. गोळी त्या दिवशी टाकून बाळाचे फारसे काही वाचत नाही, आईचे मात्र जाऊ शकते.

खरे तर गरोदरपणात मात्रा कमी नव्हे, वाढवावी लागते. लॅमोट्रिजिन हे इथले उत्तम उदाहरण. इस्ट्रोजेन वाढले की यकृत हे औषध भराभर निकालात काढते आणि तेवढ्याच गोळ्या घेऊनही रक्तातली पातळी निम्म्याच्या आसपास घसरू शकते. लेव्हेटिरासेटॅम मूत्रपिंडांच्या वाढलेल्या कामामुळे कमी पडते. अमेरिकेतल्या ‘मोनीड’ अभ्यासात (२०२०) गरोदर स्त्रियांपैकी २३ टक्क्यांचे झटके वाढले आणि गरोदर नसलेल्या गटात २५ टक्क्यांचे, म्हणजे फरक नाहीच. पण गरोदर गटातल्या ७४ टक्के स्त्रियांची मात्रा मध्ये बदलली होती, दुसऱ्या गटात ३१ टक्क्यांची. तोल राहिला तो कोणी तरी लक्ष ठेवून होते म्हणून.

इथे मराठी घरांपुरती एक गोष्ट सांगतो, परदेशी पाठ्यपुस्तकांत ती सापडणार नाही. पहिले बाळंतपण माहेरी. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या सुनेची मात्रा तिथल्या डॉक्टरांनी टप्प्याटप्प्याने वाढवली, सातव्या महिन्यात ओटी भरली आणि ती नागपूरला किंवा पुण्याला गेली. बाळंतपण तिथल्या डॉक्टरांकडे. मूल झाले की दोन-तीन आठवड्यांत शरीर मूळपदावर येते आणि वाढवलेली लॅमोट्रिजिनची मात्रा आता जास्त होते. चक्कर, तोल जाणे, एकाचे दोन दिसणे. आजी म्हणते, बाळंतिणीचा अशक्तपणा, आणि डिंकाचा लाडू पुढे करते. मात्रा उतरवायची कोणी? वाढवणारा शेकडो मैलांवर, बाळंतपण करणाऱ्याला वाढवल्याचे ठाऊक नाही. बाळंतपणानंतर मात्रा कोणत्या दिवशी किती उतरवायची, हे वाढवतानाच लिहून बाईच्या हाती देणे, एवढाच उपाय. ग्वाल्हेरच्या कंपू भागात १८९९ पासूनचे जयारोग्य रुग्णालय, तिथेच बायकामुलांचे कमलाराजा रुग्णालय आणि १९४६ चे गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय अशी सगळी विद्या जवळजवळ आहे. सातव्या महिन्यात गाडीत बसणाऱ्या बाईबरोबर मात्र कागदच जातो.

बाळंतपणाविषयी थोडक्यात. अपस्मार आहे म्हणून सिझेरियन, हे गणित चुकीचे. बहुतेकींची नैसर्गिक प्रसूती होते. विसाव्या आठवड्यानंतर नव्याने आलेला झटका मात्र आधी गर्भाक्षेपक (एक्लॅम्प्सिया) समजूनच पाहावा, रक्तदाब आणि लघवी तपासावी. त्याचे औषध मॅग्नेशियम सल्फेट, हे १९९५ च्या मोठ्या चाचणीने, ज्यात भारतातलीही रुग्णालये होती, पक्के केले. अंगावर पाजायला बहुतेक गोळ्यांवर हरकत नाही. बाळ फार झोपाळू वाटले तर डॉक्टरांना दाखवावे. सर्वांत मोठा शत्रू जागरण: रात्रीचे एक पाजणे दुसऱ्या कोणी काढलेल्या दुधावर निभावले तर आईला सलग झोप मिळते. बाळाला न्हाऊ घालताना सोबत कोणी असावे, दुपटे जमिनीवर चटई टाकून बदलावे, शेगडी दूर असावी. अनुभवी बाळंतीणबाईला हे एकदा समजावले की ती आपल्याहून चांगले सांभाळते.

पुढची प्रकरणे वैद्यकाच्या विद्यार्थ्यांसाठी आहेत, तशीच आशाताईंसाठी आणि घरातल्या माणसांसाठीही. आकड्यांची प्रकरणे अवघड वाटली तर आधी बाळंतपणानंतरचे प्रकरण वाचावे, तिथून मागे येणे सोपे जाते. आणि वाचक स्वतः गोळ्या घेणारी असेल तर तिला एकच विनंती: हे वाचून आज रात्रीची गोळी बदलू नका, चुकवूही नका. गोळ्यांची रिकामी पाकिटे, झटक्यांच्या तारखांची वही आणि मनातले प्रश्न घेऊन मेंदूविकारतज्ज्ञांकडे जा, शक्य तर दिवस राहू द्यायचे त्याच्या सहा महिने आधी. दिवस राहिलेच असतील तर याच आठवड्यात जा.