आयएनएस मुंबई : ‘विनाशिका’ असूनही माणसं वाचवणारी युद्धनौका

४ एप्रिल २०१५. येमेनच्या एडन शहरात तोफगोळ्यांचा मारा सुरू होता. भारतीय नौदलाची एक युद्धनौका बंदराबाहेर थांबली होती. धक्क्याला लागणं धोक्याचं होतं. मग छोट्या बोटींमधून लोकांना नौकेपर्यंत आणण्यात आलं. त्या खेपेत ४४१ जणांची सुटका झाली. त्यात १७९ भारतीय होते, बाकीचे परदेशी.

ती नौका होती आयएनएस मुंबई.

विनाशिका म्हणजे काय?

इंग्रजीत जिला डिस्ट्रॉयर म्हणतात, ती विनाशिका. वेगवान आणि शस्त्रसज्ज अशी ही युद्धनौका शत्रूची जहाजं, पाणबुड्या आणि विमानं यांच्यापासून ताफ्याचं रक्षण करते.

मुंबईतच जन्म

आयएनएस मुंबई माझगाव डॉकमध्ये बांधली गेली. दिल्ली वर्गातली ही तिसरी आणि शेवटची नौका. पहिल्या दोन म्हणजे आयएनएस दिल्ली आणि आयएनएस म्हैसूर. नौकेची लांबी सुमारे १६३ मीटर आहे. २० मार्च १९९५ रोजी तिचं जलावतरण झालं, पण नौदलात ती दाखल झाली २२ जानेवारी २००१ रोजी. जलावतरणाच्या वेळी प्रामुख्याने नौकेचा सांगाडा तयार असतो. रडार आणि शस्त्रं बसवून चाचण्या घेणं हे काम त्यानंतर बरीच वर्षं चालतं.

लेबनॉन, २००६

इस्रायल आणि हिजबुल्ला यांच्यात जुलै २००६ मध्ये युद्ध पेटलं. भूमध्य समुद्राच्या दौऱ्यावरून परतणाऱ्या भारतीय नौकांना बैरूतकडे वळवण्यात आलं. या ‘ऑपरेशन सुकून’मध्ये आयएनएस मुंबईसोबत ब्रह्मपुत्रा, बेतवा आणि शक्ती या नौका होत्या. लोकांना सायप्रसला पोहोचवण्यात आलं. त्यात भारतीयांबरोबर श्रीलंका आणि नेपाळचे नागरिकही होते.

येमेन, २०१५

‘ऑपरेशन राहत’मध्ये एडनहून सुटका झालेल्यांना आयएनएस मुंबईने जिबूतीला नेलं. पुढचा प्रवास विमानाने झाला. या संपूर्ण मोहिमेत ४,६०० हून अधिक भारतीय आणि ९०० हून अधिक परदेशी नागरिक बाहेर काढण्यात आले.

आता ती कुठे आहे?

मोठ्या दुरुस्तीनंतर डिसेंबर २०२३ मध्ये ती विशाखापट्टणमच्या पूर्व नौदल कमानीत गेली. ऑगस्ट २०२४ मध्ये तिने कोलंबो बंदराला भेट दिली. मुंबईत बांधलेली, मुंबईचंच नाव असलेली ही नौका आता बंगालच्या उपसागरावर पहारा देते.