अल्लाबंद
कच्छच्या मोठ्या रणातील, भूकंपाने वर उचलला गेलेला लांबट उंचवटा. १६ जून १८१९ च्या भूकंपात तो निर्माण झाला. त्याच्या दक्षिणेकडील भूमी खचून सिंद्री किल्ल्याचा परिसर पाण्याखाली गेला व सिंधूच्या पूर्वेकडील शाखेचा मार्ग अडला. हा बांध मानवनिर्मित नसल्याने लोकांनी त्यास ‘अल्लाचा बांध’ म्हटले. १८२६ च्या पुरात नदीने तो फोडला. चार्ल्स लायेल यांनी भूमीच्या आकस्मिक हालचालीचा पुरावा म्हणून त्याचे वर्णन केले. याखालील विभंग (ज्यावरून खडक सरकतात ती भेग) भूपृष्ठावर उघडा नाही. उंचवटा, खचलेली भूमी व अडलेला प्रवाह यांवरूनच तो ओळखता येतो. २६ जानेवारी २००१ चा विनाशकारी भूजचा भूकंपही अशाच लपलेल्या विभंगावर झाला. म्हणून सपाट प्रदेशातील अशा खुणांचा अभ्यास महत्त्वाचा ठरतो.