ब्राउझरमधला लखनवी कायदा

टायडलसायकल्स इन्स्टॉल करण्यात माझा अख्खा शनिवार गेला होता. आधी हास्केल, मग सुपरकोलायडर, मग एरर. ठेका वाजलाच नाही. मी इंजिनिअर असून ही गत, तर शाळेतल्या मुलांनी काय करावं?

अ‍ॅलेक्स मॅक्लीनने हे टूल २००९च्या सुमारास बनवलं. २०२२मध्ये फेलिक्स रूस आणि त्याने ते जावास्क्रिप्टमध्ये आणलं, तेच स्ट्रूडेल. लिंक उघडायची, एक ओळ टाइप करायची, की ठेका सुरू.

पण या ओळीची मुळं आपल्याकडची आहेत. १९८०च्या दशकात जिम किपेन लखनौला उस्ताद आफाक हुसेन खाँकडे तबला शिकत होता. कायद्याचे पलटे कोणत्या नियमांनी वाढतात, हे त्याने आणि बर्नार्ड बेलने कॉम्प्युटरला शिकवायला घेतलं. प्रोग्रामचं नाव बोल प्रोसेसर. त्याने रचलेले पलटे तबलावादकांना ऐकवायचे. ते चूक म्हणाले, की नियम बदलायचा. (टेस्टिंग म्हणतात ते हेच!) मॅक्लीनने टायडलची लिपी रचताना बोल प्रोसेसरमधूनच प्रेरणा घेतली.

त्या लिपीत एका मात्रेच्या जागी चौकटी कंसात दोन आवाज लिहिले, की दोन्ही तेवढ्याच वेळात बसतात. तबल्याच्या क्लासात याला दुगुन म्हणतात. मुलांना स्ट्रूडेल दाखवताना मी आता आधी टाळीवर बोल म्हणायला लावतो, लॅपटॉप नंतर.