अमेरिकेतील पदव्युत्तर प्रवेश : गुणवत्ता यादी नसलेली निवड

दहावी, बारावी, सीईटी, ‘कॅप’च्या फेऱ्या आणि कटऑफ अशा पायऱ्या चढत पदवीपर्यंत पोहोचलेल्या विद्यार्थ्याच्या मनात ‘प्रवेश’ या शब्दाचा एक ठाम अर्थ रुजलेला असतो. गुण किती, यादीत क्रमांक कितवा आणि यादी कुठे थांबली, या तीन प्रश्नांत सारे काही सामावते. अमेरिकेतील विद्यापीठात एम.एस. किंवा पीएच.डी.साठी अर्ज करताना नेमकी हीच समजूत आड येते. तेथे गुणवत्ता यादी लागत नाही आणि कटऑफही जाहीर होत नाही. नऊहून अधिक ग्रेड असलेल्याला नकार आणि त्याच वर्गातील साडेसातच्या विद्यार्थ्याला होकार, असे घडते तेव्हा घरातील मंडळी ते नशिबाच्या खात्यावर टाकून मोकळी होतात. बहुतेक वेळा त्यामागे कारण असते आणि ते अर्जाच्या कागदपत्रांतच दडलेले असते.

हा प्रश्न मूठभरांचा राहिलेला नाही. २०२३-२४ या शैक्षणिक वर्षात अमेरिकेत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी शिकत होते. त्या वर्षी भारताने चीनला मागे टाकले. यांतील जवळजवळ दोन लाख विद्यार्थी पदव्युत्तर अभ्यासक्रमांचे होते. पुणे-मुंबईतील अभियांत्रिकी महाविद्यालयांत तिसऱ्या वर्षाच्या सुट्टीत जीआरईची पुस्तके हातोहात फिरतात, त्याला आता काही दशके लोटली आहेत.

अर्ज कोण वाचतो?

अर्ज विद्यापीठाच्या ‘ग्रॅज्युएट स्कूल’कडे जातो. तेथील कार्यालय शुल्क भरले का, कागद पुरे आहेत का, इंग्रजीच्या परीक्षेची अट पूर्ण झाली का, हे पाहते. खरा निर्णय मात्र त्या त्या विभागाचा असतो. विभागातील काही प्राध्यापकांची समिती अर्ज वाचते आणि स्वतःला साधे प्रश्न विचारते. हा विद्यार्थी आमच्याकडचे अभ्यासक्रम पेलेल का? त्याला ज्या विषयात काम करायचे आहे, त्या विषयाचे कोणी आमच्याकडे आहे का? त्याला नेमके काय करायचे आहे, हे त्याला तरी ठाऊक आहे का? यातील दुसरा प्रश्न आपल्याकडील विद्यार्थ्यांच्या ध्यानीमनी नसतो. अर्जदार कितीही हुशार असला, तरी त्याच्या विषयाचा मार्गदर्शक विभागात नसेल तर पीएच.डी.चा अर्ज बाजूला पडतो. म्हणूनच विद्यापीठांच्या क्रमवारीचे तक्ते पाठ करण्यापेक्षा विभागाच्या संकेतस्थळावर प्राध्यापकांची नावे, त्यांचे अलीकडचे शोधनिबंध आणि ते नवे विद्यार्थी घेत आहेत की नाही, हे पाहण्यात गेलेला आठवडा अधिक फळतो.

एम.एस. आणि पीएच.डी. यांतील फरकही आधीच समजून घ्यायला हवा. आपल्याकडे पीएच.डी. ही एम.एस्सी. वा एम.टेक.नंतरची पायरी मानली जाते. अमेरिकेत अनेक विभाग पदवीनंतर थेट पीएच.डी.साठी अर्ज घेतात. विज्ञान व अभियांत्रिकीत पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला बहुधा शुल्कमाफी आणि अध्यापन किंवा संशोधन सहायक म्हणून विद्यावेतन मिळते. एम.एस.चा विद्यार्थी मात्र सहसा स्वतःच्या, म्हणजे आईवडिलांच्या किंवा बँकेच्या, पैशावर शिकतो. संशोधनाची खरी ओढ नसताना केवळ पैसे वाचावेत म्हणून पाच-सहा वर्षांची पीएच.डी. पत्करणे शहाणपणाचे नाही. पण संशोधनाची आवड असलेले कित्येक विद्यार्थी हा मार्ग ठाऊक नसल्यामुळे लाखोंचे कर्ज काढतात, हेही खरे.

वेळापत्रक आणि परीक्षा

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होणाऱ्या ‘फॉल’ सत्रासाठी पीएच.डी.च्या अर्जांची मुदत बहुतेक ठिकाणी आदल्या डिसेंबरात संपते. एम.एस.ची मुदत डिसेंबरपासून फेब्रुवारी-मार्चपर्यंत पसरलेली असते. याचा अर्थ अंतिम वर्ष सुरू होतानाच तयारीला लागले पाहिजे. प्रत्येक अर्जाचे शुल्क साधारण ७५ ते १२५ डॉलर असते आणि ते परत मिळत नाही. तेव्हा पंधरा-वीस ठिकाणी अर्ज टाकण्यापेक्षा विचारपूर्वक निवडलेली सात-आठ विद्यापीठे पुरेशी ठरतात.

जीआरईचा दरारा पूर्वीइतका उरलेला नाही. सप्टेंबर २०२३पासून ही परीक्षा १ तास ५८ मिनिटांची झाली. भाषा आणि गणित या दोन्ही भागांना १३० ते १७० या पट्टीवर गुण मिळतात व ते पाच वर्षे ग्राह्य धरले जातात. २०२०च्या करोनासाथीत अनेक विभागांनी जीआरईची अट काढून टाकली आणि त्यांपैकी बऱ्याच जणांनी ती पुन्हा लावली नाही. काही विभाग तर गुण पाठवले तरी पाहत नाहीत. त्यामुळे यादीतील प्रत्येक विभागाचा नियम स्वतंत्रपणे तपासावा, मगच परीक्षेवर पैसे घालावेत. टोफेल किंवा आयईएलटीएस यांपैकी एक मात्र बहुतेकांना द्यावीच लागते. त्यांचे गुण दोन वर्षेच चालतात.

गुणपत्रकांबाबत दोन गोष्टी. टक्केवारीला पंचविसाने भागून अमेरिकी ‘जीपीए’ काढण्याची जी घरगुती पद्धत आपल्याकडे रूढ आहे, ती वापरू नये. आपल्या विद्यापीठांत ६० टक्क्यांना पहिला वर्ग मिळतो, हे त्या भागाकारात हरवते आणि चांगला विद्यार्थी कागदावर सामान्य दिसतो. बहुतेक विद्यापीठे मूळ पद्धतीतलेच गुण मागतात. दुसरी गोष्ट तीन वर्षांच्या बी.ए., बी.एस्सी., बी.कॉम. पदवीची. अमेरिकेतील पदवी चार वर्षांची असल्याने अनेक ठिकाणी तीन वर्षांची पदवी पुरेशी मानली जात नाही, काही ठिकाणी मानली जाते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०ने चार वर्षांच्या पदवीचा पर्याय दिला आहे. ज्यांची पदवी तीनच वर्षांची आहे, त्यांनी शुल्क भरण्याआधी विभागाला ई-मेल करून विचारून घ्यावे. विद्यापीठाकडून अधिकृत ‘ट्रान्स्क्रिप्ट’ मिळवायला किती हेलपाटे पडतात, हे ज्याने मारले त्यालाच ठाऊक. हे काम ऑक्टोबरपर्यंत उरकलेले बरे.

उद्देशपत्र

‘स्टेटमेंट ऑफ पर्पज’ म्हणजे उद्देशपत्र. बहुधा दोन पानांचे. अर्ज तरतो किंवा बुडतो तो बव्हंशी येथे. समितीतील प्राध्यापक अशी शेकडो पत्रे वाचतात. लहानपणी घरात आलेल्या संगणकाने मन कसे वेधून घेतले, इथून सुरू होणाऱ्या पत्राची पुढची वाक्ये त्यांना न वाचताच ठाऊक असतात. त्यांना हवे असते ते वेगळेच. अंतिम वर्षाच्या प्रकल्पात विद्यार्थ्याने स्वतः कोणता भाग केला, तो कुठे अडला, त्यातून कोणता प्रश्न शिल्लक राहिला आणि त्या प्रश्नासाठी याच विभागात का यायचे आहे, हे त्यांना वाचायचे असते. चौघांच्या गटाने केलेल्या प्रकल्पात ‘आम्ही’ आणि ‘मी’ यांची गल्लत झाली, तर ती जाणकाराच्या नजरेतून सुटत नाही. एखाद्या सत्रात गुण घसरले असतील, तर त्याचे कारण दोन ओळींत सांगून पुढे जावे, त्याचा रडगाणे होईल इतका विस्तार करू नये.

महाराष्ट्रातून अमेरिकेला गेलेल्या अशा पत्रांपैकी एक १८८३मधील आहे. आनंदीबाई जोशी यांनी न्यू जर्सीतील रोझेल येथून पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाला ते लिहिले. आपली पूर्वतयारी महाविद्यालयाच्या अटींना पुरी पडत नाही, हे त्यांनी आडपडदा न ठेवता मान्य केले. वय किती, भाषा कोणत्या येतात, गणित कुठपर्यंत झाले आहे, हे सांगितले. पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्या देशातील स्त्रियांसाठी वैद्यक शिकायचे आहे, हा हेतूही स्पष्ट लिहिला. त्यांना प्रवेश मिळाला आणि मार्च १८८६मध्ये त्या एम.डी. झाल्या. महाविद्यालयाच्या अटीत न बसणाऱ्या अठरा वर्षांच्या मुलीकडे दाखवण्यासारखे होते ते एवढेच.

आज हेच पत्र पैसे देऊन लिहून घेण्याची सोय गल्लोगल्ली आहे. समुपदेशन संस्थांकडे तयार नमुने असतात, नाव आणि महाविद्यालय बदलले की पत्र तयार. आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने तेच काम फुकट करतात. भाषा निर्दोष होते, पण पत्र कोणाचेही होऊ शकते. उचलेगिरी शोधणारी सॉफ्टवेअर विद्यापीठांकडेही असतात आणि ती उघड झाली तर दिलेला प्रवेशही रद्द होऊ शकतो. एखाद्या मित्राकडून व्याकरण तपासून घेणे वेगळे आणि सांगण्याची गोष्टच उसनी आणणे वेगळे. शिवाय काही संस्थांना ठराविक विद्यापीठांकडून प्रवेशामागे दलाली मिळते. तेव्हा अशा संस्थेने सुचवलेली विद्यापीठांची यादी कोणाच्या हिताची, हे पालकांनी विचारायला हरकत नाही. युसेफच्या ‘एज्युकेशन यूएसए’ केंद्रांतून मिळणारी प्राथमिक माहिती विनामूल्य असते.

शिफारसपत्रांचे दुखणे

आपल्याकडील अर्जांचा सर्वांत कच्चा दुवा हाच. साधारणतः तीन शिफारसपत्रे लागतात. विद्यार्थी विभागप्रमुखांना भेटतो, ते कामात असतात, “तूच लिहून आण, मी सही करतो,” असे सांगतात. विद्यार्थी तिन्ही पत्रे एका रात्रीत लिहितो. परिणामी तीन निरनिराळ्या व्यक्ती एकाच शैलीत, त्याच विशेषणांनी, त्याच चुकांसह विद्यार्थ्याची स्तुती करताना दिसतात. समितीला हे कळत नाही, असे समजणे भाबडेपणाचे आहे. अशी पत्रे एकमेकांना बळ देण्याऐवजी संपूर्ण अर्जावरच शंका निर्माण करतात.

पत्र कोणाचे, याहून पत्रात काय आहे हे मोलाचे. प्राचार्यांनी किंवा ओळखीच्या बड्या व्यक्तीने ‘अतिशय हुशार व कष्टाळू’ असे लिहिण्यापेक्षा, ज्या तरुण अधिव्याख्यात्याने प्रकल्पावर वर्षभर मार्गदर्शन केले, त्याने विद्यार्थी कुठे अडला आणि त्यातून कसा बाहेर पडला हे सांगितले, तर ते शंभर पटींनी उपयोगी. सरांना किंवा मॅडमना दीड-दोन महिने आधी भेटावे, सोबत आपले उद्देशपत्र, गुणपत्रक, प्रकल्पाचा गोषवारा आणि विद्यापीठांच्या मुदतींचा तक्ता द्यावा. ही सामग्री हाती असली की व्यग्र शिक्षकही स्वतः चार परिच्छेद लिहू शकतात. पत्र ऑनलाइन मागवले जाते, तेव्हा शिक्षकांचा महाविद्यालयाचा ई-मेल पत्ता द्यावा. खासगी पत्त्यांवरून आलेल्या पत्रांकडे साशंकतेने पाहिले जाते.

अर्जात एक छोटा चौकोन असतो, त्याबद्दल क्वचितच कोणी सांगते. अमेरिकेतील १९७४च्या एका कायद्यानुसार, विद्यार्थ्याला त्या विद्यापीठात दाखल झाल्यावर स्वतःची शिफारसपत्रे पाहण्याचा हक्क आहे. तो हक्क सोडतो की राखतो, असे अर्जात विचारले जाते. हक्क का सोडावा, असे वाटून पुष्कळजण तो राखतात. पण विद्यार्थी वाचू शकेल असे पत्र मोकळेपणाने लिहिलेले नसावे, असा तर्क वाचणारे करतात. म्हणून सर्वसाधारणपणे हा हक्क सोडणेच इष्ट मानले जाते.

पैसा, होकार आणि व्हिसा

१९१३मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले, ते बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर. आज अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. १८९२मध्ये स्थापन झालेली जे. एन. टाटा एंडोमेंट कर्जरूपी शिष्यवृत्ती देते. फुलब्राइट-नेहरू शिष्यवृत्तीच्या एम.एस. स्तरासाठी किमान तीन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. या सर्वांच्या मुदती विद्यापीठांच्या मुदतींपेक्षा वेगळ्या असतात, त्यामुळे त्या निसटतात. कर्ज काढताना, विशेषतः राहते घर तारण ठेवताना, हप्त्यांचे गणित अमेरिकेतील नोकरीच्या पगारावर बेतू नये. एफ-१ व्हिसावरील विद्यार्थ्याला शिक्षणानंतर १२ महिने आणि विज्ञान-अभियांत्रिकीच्या विषयांत आणखी २४ महिने काम करण्याची मुभा आहे, पण त्यापुढचा रस्ता धोरणांवर अवलंबून आहे. सप्टेंबर २०२५मध्ये एच-१बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर १ लाख डॉलर शुल्काची घोषणा झाली, तेव्हा कित्येक घरांतले हिशेब एका रात्रीत विस्कटले.

निकाल फेब्रुवारी ते एप्रिलदरम्यान येतात. अर्थसाहाय्यासह होकार आला आणि विद्यापीठ घाईने उत्तर मागू लागले, तर १५ एप्रिल ही तारीख लक्षात ठेवावी. अमेरिकेतील ‘कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स’च्या ठरावावर सह्या केलेली विद्यापीठे त्याआधी विद्यार्थ्याला बांधून घेऊ शकत नाहीत. ज्या होकारात साहाय्य नाही, त्याला हा नियम लागू होत नाही.

प्रवेश स्वीकारल्यावर पहिल्या वर्षाच्या खर्चाची तरतूद दाखवावी लागते, मग विद्यापीठ आय-२० हा दस्तऐवज पाठवते. त्यानंतर ३५० डॉलरचे सेव्हिस शुल्क आणि व्हिसाची मुलाखत. मे २०२५च्या अखेरीस अमेरिकी वकिलातींनी विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखती सुमारे तीन आठवडे थांबवल्या होत्या, आणि जूनमध्ये त्या सुरू करताना समाजमाध्यमांवरील खाती सार्वजनिक ठेवण्याची सूचना केली. आय-२० हाती येताच मुलाखतीची वेळ घ्यावी ती यासाठी.

राहता राहिला अंतिम वर्षाचा निकाल. तो लांबला आणि पदवी प्रमाणपत्र सत्र सुरू होण्याआधी हाती आले नाही, तर अनेक विद्यापीठे तात्पुरते पदवी प्रमाणपत्र आणि सर्व सत्रांची गुणपत्रके चालवून घेतात. मात्र तशी लेखी विचारणा मे महिन्यातच ग्रॅज्युएट स्कूलकडे करून उत्तराची प्रत जवळ ठेवावी.