धाबं, पत्रा आणि स्लॅब

खानदेशातल्या माणसाला घर बांधताना थंडीची चिंता कधी पडली नाही. डिसेंबरात आठ-पंधरा दिवस शेकोटी पेटली की थंडी संपली. चिंता असते ती होळीपासून मृगापर्यंतच्या उन्हाची. पारा ४४-४५वर जातो, भुसावळकडे त्याहूनही वर. म्हणून आमच्याकडच्या घराची गोष्ट ही मुळात छपराची गोष्ट आहे.

अमळनेर तालुक्यात, बोरी नदीच्या अंगाने, आमचं गाव. आजोबांचं घर धाब्याचं होतं. आताच्या मुलांना धाबं म्हटलं की हायवेवरची शेवभाजी आठवते, म्हणून सांगतो. दीड-दोन हात जाड मातीच्या भिंती, त्यांवर सागाच्या सऱ्या, सऱ्यांवर आडव्या दांड्या. त्यावर फळ्या, ज्याला परवडत नसे तो कपाशीच्या पऱ्हाट्या नाहीतर तुरकाठ्या दाटून अंथरायचा. मग लिंबाचा पाला, वाळवी लागू नये म्हणून. पाल्यावर चिखलाचा थर, आणि सगळ्यात वर खारी. सगळं मिळून फूटभर तरी जाडी व्हायची.

ही खारी म्हणजे खाऱ्या जमिनीतली पांढुरकी माती, पिकाला निकामी. वैशाखात बैलगाड्या भरभरून ती आणायची, धाब्यावर पसरायची, चोपायची. तिच्यातल्या सोडियममुळे पाऊस पडला की मातीचे बारीक कण फुगून सुटे होतात, भोकं बुजतात आणि पाणी खाली उतरत नाही. क्षारामुळे गवतही फारसं उगवत नाही. हे कारण मला कॉलेजात कळलं. आजोबांना कारण ठाऊक नव्हतं, पण कोणत्या शेतातली खारी चांगली आणि कोणती गळकी, हे ते चिमूट जिभेवर ठेवून सांगत.

या छपराची खुबी अशी की दुपारचं ऊन त्यातून खाली यायला रात्र व्हायची. तोवर घरातली माणसं खाटा घेऊन धाब्यावर झोपायला गेलेली असायची. म्हणजे तापलेलं घर रिकामं आणि थंड झालेलं घर पहाटे पुन्हा माणसांचं. मातीच्या जाडीइतकाच हा दिनक्रमही घर थंड ठेवण्याचा भाग होता. इंजिनियर मंडळी हे विसरतात असं माझं मत आहे.

पत्रा आला तो कारखान्याच्या मार्गाने. नालीदार पत्र्याचं पेटंट १८२९ साली लंडनच्या हेन्री पामरने घेतलं, पुढे त्यावर जस्ताचा मुलामा चढला. आपल्याकडे तो आधी रेल्वेच्या शेडवर, कापसाच्या जिनांवर दिसला. मग गोठ्यावर, आणि शेवटी माणसांच्या डोक्यावर. गळत नाही, दरवर्षी खारी टाकायला नको, सागाच्या सऱ्या नकोत. सातपुड्यातला, डांगातला साग महाग झाल्यावर गरिबाला दुसरा इलाजही नव्हता. पण मे महिन्यात पत्र्याखाली दुपारी बसून पाहावं. पत्रा ऊन अडवत नाही, फक्त त्याचा रंग बदलतो.

धाबं मात्र केवळ महागाईने गेलं नाही. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे लातूर-उस्मानाबादेत भूकंप झाला आणि किल्लारी परिसरात हजारो माणसं झोपेतच गाडली गेली. तिकडच्या घरांना माळवद म्हणतात. जात आमच्या धाब्याचीच. दहा बाय दहाच्या खोलीवर फूटभर माती म्हणजे साडेचार-पाच टन वजन. ते वजन मातीत रचलेल्या दगडी भिंतींवर पेललेलं. भिंत हलली की सगळं खाली. त्या दिवाळीला आमच्या गावातही लोक धाब्याकडे मान वर करून बघू लागले. आईने तर उघड सांगितलं की आता स्लॅब टाका. दोन वर्षांनी वडिलांनी कापूस विकून स्लॅब टाकला, आणि गावात आमची पत वाढली.

स्लॅबचं दुखणं वेगळं. पाच इंची काँक्रीट दिवसभर तापतं आणि संध्याकाळी, नेमकी माणसं शेतातून घरी आली की, आत गरमी सोडायला लागतं. रात्री बारापर्यंत पंखा गरम हवाच फिरवतो. कूलर लावावा तर नळाला पाणी आठवड्याने येतं, आणि लाईट कधी जाईल याचा नेम नाही. आई आता ऐंशीच्या पुढे आहे. मागच्या वर्षी मे महिन्यात तिला दोनदा चक्कर आली, सलाईन लावावं लागलं. म्हणाली, "माले आठे नींद येत नही. तठेच टाक मनी खाट." तठे म्हणजे मागच्या पडवीत, जिथे जुन्या धाब्याचे दोन खण अजून उभे आहेत. पण पावसाळ्याच्या तोंडावर त्या दोन खणांखाली तिला झोपवायची आमची हिंमत होईना.

आता पुतण्या नवं घर बांधतोय. त्याने बँकेचं कर्ज काढलंय, आणि आजीची खोली थंड हवी हा त्याचा हट्ट. मला म्हणाला, "काका, खाली पीओपीचं छत करू का थर्माकोल लावून?" मी म्हटलं, खालून लावशील तर स्लॅब वर तापतच राहील. गोधडी वरून घालायची असते.

मग आम्ही दोघं कागद घेऊन बसलो. डिसेंबर २०१८मध्ये केंद्र सरकारने घरांसाठी इको निवास संहिता काढली. ती ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्लॉटवरच्या घरांसाठी, म्हणजे आमच्यासाठी नाहीच. तरी तिच्यातला आकडा कामाचा. छपरातून उष्णता किती झिरपावी याची मर्यादा तिने १.२ ठेवली आहे. उघडा स्लॅब साडेतीनच्या आसपास जातो. मी सहज आजोबांच्या धाब्याचा हिशेब मांडला: फूटभर माती, खाली फळ्या. उत्तर एकच्या जरा वर आलं. पुतण्या कागदाकडे बघतच राहिला.

थर्माकोलचं गणित आणखी वेगळं. दोन इंची पाटी उष्णता अडवण्यात दोन-सव्वादोन फूट मातीच्या तोडीची, आणि वजन जवळजवळ नाहीच. त्यामुळे भूकंपाची भीतीही मिटते. फक्त ती उघडी ठेवता येत नाही. वर काँक्रीटचा पातळ थर आणि पांढऱ्या फुटक्या टाईल्स हव्यात. पांढऱ्यावरून बरंच ऊन परत जातं.

भिंतींना आम्ही हलके सच्छिद्र ब्लॉक घ्यायचं ठरवलं, निदान पश्चिमेच्या भिंतीला. हा शोध स्वीडनचा, १९२० च्या दशकातला, थंडीच्या देशातला. आज त्यात वीजकेंद्राची राख घालतात, आणि राख म्हटली तर भुसावळजवळच्या दीपनगरला तिचे डोंगर आहेत. गवंडी कुरकुरला, त्याला विटाच ओळखीच्या. त्याला म्हटलं, पश्चिमेची एक भिंत करून बघ, मग बोलू.

पडवीचे ते दोन खण दिवाळीनंतर उतरवायचे आहेत. सऱ्या सागाच्या, अजून ठणठणीत; त्यांच्या चौकटी होतील. वर जायला जिना मात्र रुंद ठेवायला सांगितलाय, खाट नेता येईल इतका.